चांगल्या मोटरची परीक्षा

आयटीआयचा मास्तर लग्नाला गेला की जेवणाआधी त्याला पंखा दाखवतात. हे मी अनुभवानं सांगतोय. मंडपात पोचून हातपाय धुतले न धुतले तोच नवरीचा मामा खांद्यावर हात ठेवून आतल्या खोलीत नेतो. "सर, जरा बघा की. कालपासून घरघर करून राहिला." डॉक्टरला निदान "वेळ आहे का" असं तरी विचारतात. आम्हाला सरळ स्टूल आणून देतात. आमची बायको म्हणायची, "आहेर राहिला तरी चालंल, पण टेस्टर तेवढा घेऊन चला."

माझी सगळी नोकरी वीजतंत्री हा ट्रेड शिकवण्यात गेली. सरकारी कागदावर शिल्प निदेशक, पोरांच्या तोंडी सर, आणि गावात लाईटवाला मास्तर. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत बदल्या झाल्या. आता लातुरात घर आहे आणि गल्लीच्या तोंडाशी कोचिंग क्लास आहे. सकाळी तिथं स्कुट्यांची एवढी गर्दी असते की दूधवाला सायकल हातात धरून चालतो. ज्याला मार्क पडतात तो त्या क्लासला आणि ज्याला पडत नाहीत तो आयटीआयला, असं आमच्याकडं सरसकट बोलतात. बोलोत बापडे. त्यांच्या घरचा पंप बंद पडला की कोण येतं, ते मला ठाऊक आहे.

आमची परीक्षा कशी असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पोरानं काहीतरी करून दाखवायचं, त्याला 'जॉब' म्हणतात. आमच्या ट्रेडचा जॉब म्हणजे लाकडी फळीवर केलेलं वायरिंग. जिन्यातला दिवा, खाली एक बटन, वर एक बटन. हे येणार म्हणजे येणारच. पोरं डोळे झाकून करायची, आणि ज्यांना तेवढंही जमायचं नाही ती मागच्या बॅचची फळी पुसून पुढं ठेवायची. त्या दिवशी वर्कशॉपच्या मागं मटण शिजायचं. रस्सा जितका झणझणीत, तितका परीक्षकाचा हात सढळ.

जळकोटकडं असताना बाहेरून एक परीक्षक आले होते. त्यांना शंका आली म्हणून त्यांनी एका फळीच्या मागं बारीक सही करून ठेवली. पुढच्या वर्षी नेमके तेच पुन्हा आले. एका पोरानं जॉब पुढं ठेवला. साहेबांनी फळी उलटी केली, तर मागं त्यांचीच सही.

"बाळ, ही सही कुणाची?"

पोरगं शांतपणे म्हणालं, "माहीत न्हाई सर. फळीसोबतच आली."

साहेब इतके हसले, इतके हसले की पोरगं पास झालं. आम्हीही हसलो. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही.

शेवटची बदली किनवटला झाली. "तिकडं जंगल हाय, अस्वल हाय," असं मला लातुरात सगळ्यांनी सांगितलं. अस्वल काही भेटलं नाही. वाघमारे मॅडम भेटल्या.

सुजाता वाघमारे नांदेडच्या, आमच्याच ट्रेडच्या नव्या निदेशक. वडील रेल्वेत रुळावर काम करायचे. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं सडेतोड. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, यंदा मला फळीवर परीक्षा घ्यायची नाही."

"मग काय हवेत घेता?"

"बंद पडलेल्या मशीनवर. सर, तुम्हाला लग्नात लोक काय दाखवतात?"

"पंखा."

"चालू का बंद?"

"बिघडलेला," मी म्हणालो. 

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाहेर आमच्या पोराला कुणी नवीन वायरिंग क्वचितच सांगतं. बहुतेक वेळा बोलावणं येतं ते बंद पडलेलं चालू करायला. मग आपण शिकवताना आणि तपासताना बंद पडलेलंच का ठेवू नये? त्यांनी स्टार्टर, मोटरी, पंखे, सगळ्यात मुद्दाम बिघाड घालायला सुरुवात केली. कुठं वायर ढिली, कुठं फ्यूजची तार तोडलेली. पोरानं यायचं, शोधायचं, दुरुस्त करायचं. आणि शोधताना मोठ्यानं बोलायचं, काय बघतोय आणि का. भाषा घरात असेल ती. आमच्याकडं गोंडी, बंजारा, तेलुगू, सगळ्या घरांतली पोरं. पुस्तकातल्या मराठीत तोंडी परीक्षा घेतली की ती नुसती खाली बघायची. आता ती बोलायला लागली. काही कळायचं, काही नाही. मॅडम म्हणायच्या, "हात काय करतात ते बघा, भाषा कळते."

मार्कांचेही त्यांनी चार रकाने केले. पहिला स्वतःला जपण्याचा. मेन बंद केला का, आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला का. खिशातच, टेबलावर नाही. तुम्ही तारांना हात लावलेला असताना कुणी शहाणा येऊन मेन चालू करतो, म्हणून. दुसरा रकाना तपासणीचा, तिसरा निष्कर्षाचा, आणि चौथा दुरुस्तीचा. चारही रकान्यांत पास व्हायचं. एकात शून्य म्हणजे गेली परीक्षा.

प्राचार्य साहेब माणूस सज्जन, पण वरून पत्र येईल या भीतीनं त्यांना झोप लागायची नाही. "एक वर्ष करून बघा मॅडम," ते म्हणाले. "काही गडबड झाली तर आपली फळी बरी."

पोरांनीही आपल्या परीनं सुधारणा केली. आम्ही लातूरची माणसं कशाचाही प्रश्नसंच काढतो, पण ती हवा किनवटपर्यंत पोचली असेल असं मला वाटलं नव्हतं. रात्री मेसमध्ये पोरं भाकरी मोडता मोडता मॅडमचे बिघाड पाठ करायची. "पंख्यात कंडेन्सर. बोर्डात न्यूट्रल. स्टार्टरमध्ये कागद." मॅडमला कागद आवडतो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

हा कागद काय ते सांगतो. शेतातल्या पंपाचा स्टार्टर तुम्ही पाहिला असेल. हिरवं बटन दाबलं की मोटर सुरू होते. बोट उचललं तरी ती चालू राहते, कारण आत एक छोटा कॉन्टॅक्ट असतो, तो तिला धरून ठेवतो. त्या कॉन्टॅक्टमध्ये कागदाचा चिटोरा घातला की धरणारं कुणी उरत नाही. बटन दाबून ठेवलं तोवर मोटर चालणार, बोट उचललं की बंद. खऱ्या पंपात हे काम कागद करत नाही, काजळी, मुंग्या आणि पाली करतात. मग आपली माणसं काय करतात? बटनात काडी खुपसतात. काडी बोटाचं काम करते आणि मोटर चालू राहते. पण लाईट गेली आणि परत आली की तीच मोटर कुणाला न विचारता दणकन सुरू होते. त्या वेळी कुणाचा हात पट्ट्याजवळ असला तर संपलंच.

आमच्या संस्थेच्या पंपावरही अशीच पाचर होती. अस्सल किनवटचं सागवान, हातानं घासून घासून गुळगुळीत झालेलं. रोज सकाळी नारायणमामा, म्हणजे आमचे वर्कशॉपचे शिपाई, ती बटनात ठोकायचे आणि टाकी भरायची. समोर वीजतंत्रीचं वर्कशॉप, आत दोन निदेशक आणि बाकावर पन्नासेक होणारे वीजतंत्री. पण पंप हॉस्टेलच्या खात्यात, हॉस्टेल दुसऱ्या विभागात, आणि त्याची फाइल तिसऱ्याच टेबलावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता रेणुकाबद्दल. रेणुका टेकाम ही किनवटच्या आतल्या जंगलगावातली. आश्रमशाळेत वाढली, तिथून आमच्याकडं आली. ट्रेडमध्ये मोजक्या मुली, त्यात ही बोलायला सगळ्यांत कमी. लेखी पेपर बेताचा. पण एखादी गोष्ट कळेपर्यंत ती सोडायची नाही. बाकीची पोरं "हाव सर, समजलं" म्हणून मोकळी व्हायची. ही म्हणायची, "न्हाई समजलं." एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, हो म्हण की एकदा!" तर म्हणाली, "समजल्यावर म्हणते की सर." मॅडमनी तिच्यासाठी लातूरच्या एका डाळमिलमध्ये शब्द टाकला होता. देखभाल विभागात अप्रेंटिस घ्यायला ते तयार होते, पण निकाल हातात पाहिजे. कोर्स संपला की हॉस्टेल सुटणार होतं. निकाल हुकला तर मिल दुसऱ्या कुणाला घेणार, आणि रेणुकाला पेटी उचलून गावी जावं लागणार. हे तिला माहीत होतं, आम्हालाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून नांदेडहून पठाण सर आले. त्यांची ख्याती मोठी होती. ते मटण खायचे नाहीत, म्हणजे परीक्षेच्या गावी खायचे नाहीत. रेल्वेतून उतरले ते स्वतःचा डबा घेऊनच. मी म्हटलं, "सर, तुमच्यासाठी जेवण केलंय आम्ही." ते म्हणाले, "तुम्ही खा. मला काम आहे."

वर्कशॉप आरशासारखं चकचकीत होतं. प्राचार्यांनी नारायणमामांना पहाटेपासून जुंपलं होतं. मॅडमनी आदल्या संध्याकाळी टेबलाटेबलावर बिघाड घातले होते आणि कोणत्या टेबलावर कोणता, ते पाकिटात बंद करून ठेवलं होतं. पोरांनी चिठ्ठ्या उचलल्या. रेणुकाला चौथं टेबल आलं. स्टार्टर आणि मोटर.

बाकीच्या टेबलांवर बडबड सुरू झाली. कुणी गोंडीत, कुणी तेलुगूत. तिसऱ्या टेबलावरच्या पोरानं तुटलेली फ्यूजतार शोधली आणि सिक्सर मारल्यासारखा हात वर केला. रेणुकानं बटन दाबलं. मोटर सुरू झाली. बोट उचललं. मोटर चालूच. तिनं लाल बटन दाबून बंद केली. मेन काढला, फ्यूज खिशात टाकला, झाकण उघडलं, एकेक वायर हलवून पाहिली. झाकण लावलं, फ्यूज बसवला, पुन्हा चालवली. पुन्हा उघडलं. सगळ्यांचं आटोपत आलं तरी हिचं चालूच. तिसऱ्या टेबलावरच्याला राहवेना. तो दात न उघडता फुसफुसला, "कागद गं, कागद!"

तिनं त्याच्याकडं बघितलं, कॉन्टॅक्टकडं बघितलं आणि मान हलवली.

पठाण सर तिच्यापाशी आले. "हां बेटा, काय सापडलं?"

"काही न्हाई सर."

"सापडलं नाही?"

"तसं न्हाई सर. बिघाडच न्हाई. मोटर चांगली हाय."

सरांनी पाकीट फोडलं. आत लिहिलेलं होतं, टेबल चार, धरणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये कागद. त्यांनी स्वतः बटन दाबून पाहिलं. मोटर छान चालली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

"अगं, मग कागद तूच काढलास की! लाजतेस कशाला? लिही, कागद काढला, मोटर सुरू झाली. पूर्ण मार्क."

"मी न्हाई काढला सर."

"मग कुणी काढला?"

"कागद नव्हताच."

वाघमारे मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. "नव्हता कसा? मी स्वतःच्या हातानं घातलाय." म्हणजे आता दोघींपैकी एक खोटं बोलतेय असा अर्थ झाला. आणि मॅडम कच्च्या पडल्या तर त्यांची सगळी परीक्षाच कच्ची ठरणार. टेबलाखाली शोधलं, फरशीवर शोधलं. खिडकीतून कुणी तरी ओरडलं, "खाल्ला असंल सर तिनं!" प्राचार्यांनी माझी बाही ओढली आणि कानात म्हणाले, "कदम सर, अहो, लिहू द्या ना तिला. पोरीचं भलं, मॅडमचं भलं, वर कुणी विचारायला येत नाही."

खरं सांगू? मलाही तेच वाटलं. मी तिच्याजवळ गेलो. "रेणुका, दोन शब्द लिहून टाक, बाई. मिलवाले वाट बघून राहिले."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "सर, मी इतका वेळ तपासूनच राहिले. नसलेला कागद कसा लिहू?"

मी मागं सरकलो.

तेवढ्यात दारातून नारायणमामा आले. हातात फडकं. "काय हुडकून राहिले सायब?"

"कागद," पठाण सर म्हणाले.

"केवढा?"

मॅडमनी चिमटी करून दाखवली.

"हात्तिच्या! त्यो व्हय? त्यो म्याच काढला की सकाळी." मामांच्या तोंडावर एवढं समाधान की विचारू नका. "मागल्या साली स्टार्टरातून पाल निघाली अन् सायब वराडले. म्हणून म्या समदी झाकणं खोलून ब्रश मारला. ह्या मशिनीत कचरा घावला. चांगल्या मशिनीत कचरा कसा ऱ्हाऊ द्यावा?"

 मग पठाण सर जे हसायला लागले ते टेबलाला धरूनच. मॅडम हसल्या, प्राचार्यही हसले. हसली नाही ती फक्त रेणुका. तिला पुढचं दिसत होतं.

पठाण सरांनी डोळे पुसले आणि पेन काढलं. पहिल्या तीन रकान्यांत त्यांनी भराभर मार्क भरले, भरभक्कम. चौथ्यापाशी पेन थांबलं.

"दुरुस्ती. हिनं केलेलीच नाही. काय देऊ?"

"पूर्ण द्या," प्राचार्य म्हणाले.

"न केलेल्या दुरुस्तीचे? मग तुमच्या त्या फळीत आणि ह्यात फरक काय साहेब?"

"पण शून्य देऊ नका सर," मॅडमचा आवाज चढला. "तिला चांगली मोटर दिली हा तिचा गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही. पण मी जे बघितलं नाही त्यावर सही करत नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "दुसऱ्या मशीनमध्ये बिघाड घाला. माझ्यासमोर करू दे."

तेव्हा रेणुका स्वतःहून बोलली. दोन वर्षांत ती न विचारता बोलल्याचं मला आठवत नाही. "सर, खोटा बिघाड कशाला? खरा हाय की."

"कुठं?"

"पंपावर."

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. प्राचार्य म्हणाले, "अगं, तो हॉस्टेलचा पंप. बिघडला तर आज रात्री पाणी नाही!"

"बिघडला तर शून्य," पठाण सर म्हणाले. "चल बेटा."

पंपाच्या खोलीत चार माणसं मावतात, आम्ही पंधरा घुसलो आणि बाकीची पोरं खिडकीला लटकली. पाचर बटनात घट्ट बसलेली. पठाण सरांनी ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

रेणुकानं मेन बंद केला. फ्यूज काढून अॅप्रनच्या खिशात टाकला आणि खिशावर एकदा हात फिरवला. मग ती बोलायला लागली, आधी मराठीत, मग हात चालायला लागल्यावर गोंडीत. झाकण उघडलं तर आत मुंग्यांचा कोळसा झालेला. ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाली?" सरांनी विचारलं.

"काही न्हाई सर. मुंग्यांला शिवी दिली."

धरणारा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर पडला होता. तिनं पॉलिश पेपरनं घासला, उजेडात धरून बघितला, पुन्हा घासला. मग मान हलवली. पार झिजला होता. तिनं मॅडमना विचारलं, "भंगारातल्या स्टार्टरचा घेऊ का?" मॅडम स्वतः पळत गेल्या आणि घेऊन आल्या. तिनं तो बसवला, स्प्रिंग बोटानं दाबून पाहिली, झाकण लावलं, खिशातून फ्यूज काढून बसवला. पाचर उपसून मामांच्या हातात दिली आणि मग मेन चालू केला. मामांनी ती देवाचा प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांत घेतली.

"दाबू सर?"

"दाब."

तिनं हिरवं बटन दाबलं. पंप गुरगुरला आणि चालला. तिचं बोट बटनावरच होतं. आम्ही सगळे दुसरं काही बघतच नव्हतो. सगळी नोकरी स्टार्टर शिकवण्यात गेली, पण बटनावरच्या बोटाकडं मी तेवढं टक लावून कधी बघितलं नव्हतं.

तिनं बोट उचललं.

पंप चालू राहिला. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि खिडकीतल्या पोरांनी जी आरोळी ठोकली ती स्टेशनपर्यंत गेली असेल. मॅडम भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होत्या. मी त्यांना म्हणालो, "मॅडम, फळी जाळू आता." ही मी माघार घेतली होती, आणि इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरी कधी घेतली नाही.

पठाण सर हलले नाहीत. त्यांनी स्वतः मेन बंद केला. पंप थांबला. त्यांनी मेन परत चालू केला. पंप गप्प. कुणी बटन दाबेपर्यंत तो गप्पच राहणार होता, जसा राहायला पाहिजे तसा. त्यांनी मान डोलावली, झाकणाकडं वाकून बघितलं आणि चौथ्या रकान्यात मार्क लिहिले. मॅडमनी डोकावून बघितलं.

"सर, एक मार्क कशाचा कापला?"

"झाकणाला चार स्क्रू लागतात. तीन आहेत."

रेणुका म्हणाली, "सर, चौथा आधीपासूनच नव्हता."

"मग सांगायचं होतंस, बेटा! कागद नव्हता ते एवढं ठासून सांगितलंस, आणि स्क्रू नव्हता ते पोटात ठेवलंस?"

रेणुका त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पठाण सरांची गाडी चुकली होती. त्यांनी आमच्यासोबत बसून स्वतःचा डबा खाल्ला आणि रेणुकाला त्यातली अर्धी पोळी दिली.

पुढच्या वर्षापासून वाघमारे मॅडमनी एका टेबलावर मुद्दाम चांगली मशीन ठेवायला सुरुवात केली. कोणतं टेबल ते कुणाला ठाऊक नसायचं. तुम्हाला सांगतो, तिथं भलेभले आडवे व्हायचे. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोरानं नवीकोरी कॉइल काढून दुसरी घातली, घामाघूम झाला, पण "चांगली आहे" असं म्हणायची त्याची छाती झाली नाही. परीक्षा आहे म्हणजे काहीतरी चुकलेलं असणारच, हे आपण शाळेपासून पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. मॅडम म्हणायच्या, "बाहेर जाऊन चांगली मोटर खोलणारा कारागीर मला तयार करायचा नाही." पुढं काही वर्षांनी त्यांची बदली झाली. लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, चारपैकी एका पर्यायावर टिचकी मारायची. त्या चारांत "काही बिघडलेलं नाही" हा पर्याय मला अजून दिसलेला नाही. ते चांगल्या मशीनचं टेबल आता असतं का, ते विचारायचा मला धीर होत नाही.

नारायणमामा मात्र कित्येक महिने पाचर खिशात घेऊनच पंपाच्या खोलीत जायचे. बटन दाबायचे, बोट उचलायचे आणि कान देऊन उभे राहायचे. "चालतीया अजून," म्हणत बाहेर यायचे.

मी निवृत्त झालो त्या दिवशी संस्थेत निरोपाचा कार्यक्रम होता. हार, नारळ, भाषणं. रेणुका लातूरहून एसटीनं येणार होती. अप्रेंटिस संपल्यावर मिलनं तिला कायम ठेवून घेतलं होतं. तिच्या येण्याची वेळ झाली, टळली, बाई काही मंडपात दिसेना. शेवटी मामा पळत आले. "सर, ती पंपावर हाय."

जाऊन बघतो तर नवी साडी खोचलेली, तोंडात स्क्रू आणि हातात स्क्रूड्रायव्हर. मिलमध्ये अगदी त्याच मापाचा सापडला म्हणे, तो ती पर्समध्ये घालून घेऊन आली होती. चौथ्या भोकात बसवला, आवळला, बोटानं चाचपून पाहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, पठाण सरांला फोन लावा. म्हणावं, माझा एक मार्क राहिलाय."

मी तिथूनच फोन लावला. पठाण सर नांदेडला होते, तेही निवृत्त झालेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विचारा तिला, स्क्रूखाली वायसर टाकलाय का?"

मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "टाकलाय म्हणावं! मला काय पठाण सर माहीत न्हाईत?"

मी फोन तिच्यापुढं धरला.  पठाण सरांचा आवाज आला.

"दिला."